दुखवट्याच्या ओट्यावर पाव तास

शोकसभेत बोलणाऱ्या माणसांसाठी काहीतरी कायदा असायला हवा. तिथे जो जे कबूल करील ते त्याच्याकडून दुसऱ्या दिवशी करून घेता आलं पाहिजे. देवमन सरांनी माझ्या बायकोच्या शोकसभेत, शाळेच्या पटांगणात, वाशीमजवळच्या आमच्या अख्ख्या मालेगावसमोर सांगितलं, की राजमतीबाईंचा उपक्रम ही शाळा अखंड चालू ठेवील. ‘अखंड’ म्हणताना मुख्याध्यापकांचा आवाज भरून आला होता. पुढच्या सोमवारी मी मुद्दाम परिपाठाच्या वेळी शाळेवरून गेलो. प्रतिज्ञा झाली, प्रार्थना झाली, सुविचार झाला, दिनविशेष झाला आणि मुलं वर्गात गेली. अखंड ते तिथंच संपलं.

उपक्रम काही मोठा नव्हता. राजमती त्याच शाळेत शिकवायची आणि निवृत्त झाल्यावरही रोज परिपाठाला पाव तास जायची. एका आठवड्याला एक संगीतकार. आधी त्याच्याबद्दल थोडं वाचायचं, मग त्यानं रचलेलं थोडं ऐकायचं. तिचं म्हणणं असं, की गाणारा सगळ्यांना दिसतो, रचणारा कुणालाच दिसत नाही, आणि पोरांना वाटतं गाणं मोबाइलमध्येच उगवतं. म्हणून ती कुठून कुठून रचणारे शोधून आणायची. त्यांची नावं मला अजून घेता येत नाहीत. पोरांना येतात, तरी पोरांनी आपली सोयीची नावं ठेवली होती. कान गेल्यावरही लिहीत राहिलेला जर्मन, तो बहिरेबुवा. ब्राझीलच्या एकानं वाद्यांतून आगगाडी चालवली होती, तो इंजिनवाला. आमच्या मालेगावला रेल्वे नाही, ब्राझीलची तेवढी आली. एक तंजावरकडचे होते, एक जपानचा होता. जात्यावरच्या गाण्यांच्या आठवड्यात तर वाचायला काहीच नव्हतं, कारण ती कुणी रचली ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा तिनं पोरांना सांगितलं, घरी आजीला विचारून या. अर्ध्या गावच्या आज्यांनी आपणच रचली म्हणून सांगितलं.

शेवटचा आठवडा अमेरिकेतल्या एका काळ्या बाईंचा होता. त्या वारल्यावर कित्येक वर्षांनी एका ओसाड घरात त्यांच्या संगीताचे गठ्ठे सापडले. राजमतीनं शनिवारी हे वाचून दाखवलं आणि म्हणाली, सोमवारी ऐकू. रविवारी ती गेली.

मी देवमन सरांच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, “सर, अखंडचं काय झालं?”

“कोणतं अखंड, काकाजी?”

मी आठवण करून दिली. त्यांनी टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि बंद केला.

“परिपाठात बाहेरच्या माणसाले उभं करता येत नाही ना.”

“राजमती उभी राहत होती.”

“बाई माजी शिक्षिका होत्या.”

“मी माजी शिक्षिकेचा नवरा आहो.”

“तशी सोय नाही त्याच्यात. वरून पत्र येऊ द्या, मी उद्यापासून सुरू करतो.” वरून म्हणताना त्यांनी पंख्याकडे बोट दाखवलं. पंखा बंद होता.

वरून म्हणजे वाशीम. तिथल्या एका कार्यालयात मला विचारलं, विषय कोणता? ऐकायचं असेल तर भाषेचं टेबल, वाद्य असेल तर कलेचं टेबल, वाचायचं असेल तर वाचनाचं टेबल. कलेच्या टेबलावरचा माणूस रजेवर होता. भाषेच्या टेबलावरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “किती दिवसांचा उपक्रम आहे?”

“रोजचा.”

“मग तो उपक्रम नाही काका. उपक्रम सप्ताह असते, नाहीतर पंधरवडा असते. रोज जे होते त्याले आमच्याकडे रकानाच नाही.”

येताना एसटीत मला इतका राग आला होता, की शेजारच्यानं जागा बदलली. सरकार रोज जेवतं की नाही? त्याला रकाना आहे का?

मग मी ठरवलं, शाळा गेली खड्ड्यात. आमचं घर शाळेच्या रस्त्यावर आहे. पुढे ओटा आहे. बाजारातलं कापडाचं दुकान पुतण्या पियूष बघतो. पोरं दहा वाजता शाळेत जातात, त्याआधी पाव तास ओट्यावर बसतील. थंडीचे दिवस, ओट्यावर ऊन. यात कुणाचं काय जातं, असं मला वाटलं. पासष्टी ओलांडली तरी माणसाला असं वाटतं, याचंच मला आश्चर्य आहे.

पहिल्या सोमवारी सात-आठ पोरं आली. सगळ्यांत पुढे सुकेशनी. ही समोरच्या गोजराबाईची नात. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि ही आजीजवळ राहते. बसल्या बसल्या म्हणाली, “आजोबा, ते अमेरिकेच्या बाईचं ऐकायचंच राह्यलं.”

“तेच ऐकू.”

मी बाईंची माहिती पुन्हा वाचली. राजमतीचा स्पीकर काढला. बटणावर बोट ठेवलं तेवढ्यात शेजारच्या त्रिशलाबाई आपल्या ओट्यावर आल्या.

“भाऊजी, काय करून राह्यले तुमी?”

“पोरांना ऐकवून राह्यलो.”

“राजमतीले जाऊन चार महिने नाही झाले. दुखवट्याच्या घरात वाजा?”

हे नीट सांगायला पाहिजे. आमच्या घराण्यात बाई गेली, की त्या घरात वर्षभर वाजा वाजत नाही. मग तिचा भाऊ येतो, घरधन्याला टिळा लावतो, डोक्यावर रंगीत पगडी ठेवतो, गोड भरवतो. याला दुखवटा काढणं म्हणतात. त्यानंतर वाजवा, नाचा, लग्नं करा. मला हे माहीत होतं. पण वाजा म्हणजे वरातीचा, असं माझं मत. त्रिशलाबाईंच्या मते ज्यातून आवाज येतो तो वाजा.

“वाचून दाखवा की,” त्या म्हणाल्या. “वाचाले कोण नाही म्हनते? ऐकाचं कायले?”

शेजार आहे, राजमती गेली तेव्हा याच बाईंनी डबे पाठवले होते. मी बटणावरचं बोट काढलं. आठवडाभर नुसतं वाचलं. संगीतकाराबद्दल नुसतं वाचणं म्हणजे बुंदीच्या लाडवाबद्दल भाषण ऐकणं. बुधवारी पाच पोरं होती, शुक्रवारी तीन. त्यातलं एक आमच्या ओट्यावर आपला गृहपाठ करत होतं.

मग मी वाशीमला जाऊन कानात घालायच्या वायरी आणल्या आणि मोबाइलला एकदम दहा वायरी जोडायचा एक डबा आणला. विचार असा, की घरात आवाज नाही म्हणजे वाजा नाही. दुखवटाही राहील, बहिरेबुवाही राहतील. पण वायरी कमी, पोरं पुन्हा वाढली. एकेकाला एकेक कान मिळाला. त्यात गंमत अशी, की डाव्या कानात सारंगीसारखी वाद्यं आणि उजव्या कानात तुताऱ्या. दोन पोरं मिळून एक संगीतकार होत होता. “मह्याकडे काहीच वाजून नाही राह्यलं,” एक म्हणे. “थांब, आता तुह्याकडे येते,” दुसरा सांगे. त्यातच एकीच्या उवा तिघींच्या डोक्यात गेल्या आणि तीन आया मला भेटून गेल्या.

तरी ते चाललं असतं. पण त्रिशलाबाई पुन्हा आल्या.

“आता काय झालं? आवाज येते का?”

“आवाज नाही येत. पण पोरं माना डोलवून राह्यले ना, भाऊजी. रस्त्यावरून दिसते. दुखवट्याच्या घरापुढे माना डोलवतात का?”

मी आत गेलो, पाणी प्यायलो, तरी राग उतरला नाही. बाहेर येऊन सगळ्या वायरी उपटल्या आणि स्पीकर पूर्ण मोठा केला. जे पहिलं लागलं ते लागलं, आणि लागला इंजिनवाला. ब्राझीलची आगगाडी शिट्ट्या मारत आमच्या गल्लीतून बाजारापर्यंत गेली. दोन कुत्री उठून गेली. पोरं खूश झाली. मीही, खरं सांगायचं तर, बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

दुपारी पियूषचा दुकानातून फोन आला. “काका, दुखवटा निघाला म्हणे आपला. गिऱ्हाइकं मले विचारून राह्यले.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच. अन् अनसिंगच्या मामाचा फोन आला होता. लई तापले हायेत. म्हणे, दुखवटा मी काढायचा, याईनं परस्पर कसा काढला?”

हा नमन. राजमतीचा भाऊ. त्याचं तापणं मी समजू शकतो, तो त्याचा मान. पण लोकांनी त्याच्यापुढे विचार केला. लोक विचार करायला लागले, की मला भीतीच वाटते. विचार असा, की मेव्हण्यालाही न बोलावता चार महिन्यांतच ज्यानं दुखवटा काढला, त्याला घाई कशाची असेल? संध्याकाळी नागपूरहून मुलीचा, चंदनाचा, फोन आला. तिनं आधी माझ्या जेवणाची चौकशी केली. मग म्हणाली, “पप्पा, मला दुसऱ्याकडून कळायला नको होतं.”

“काय कळायला?”

“काही नाही. तुमच्या मनात असेल तर माझी हरकत नाही.” आणि रडायला लागली. तिला समजावता समजावता फोनची बॅटरी संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरांना वाचून दाखवत होतो, तेव्हा कारंजाहून दोन गृहस्थ आले. एकाच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. मी समजलो, भेटायला आलेत. दुखवट्याच्या घरी पेढे कुणी आणत नाही हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण मी जपानच्या माणसाच्या मधोमध होतो. ते पोरांच्या मागे खुर्च्यांवर बसले.

“मुलं बरीच दिसून राह्यली,” पहिले म्हणाले.

“गावची आहेत.”

“सगळी?”

“सगळी.”

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. “वय किती म्हणायचं तुमचं? आमाले एकसष्ट सांगितलं.”

“सदुसष्ट.”

“एकसष्टच धरू,” दुसरे म्हणाले. “आमच्या चुलत बहिणीले पण संगीताची आवड आहे बरं. घरी हार्मोनियम आहे. तुमचं हे पाहून आमी म्हटलं, जमते.”

मी पुस्तक मिटलं. पोरांसमोर जे बोलू नये ते मी बोललो नाही, एवढंच सांगतो. बाकी सगळं बोललो. त्या बिचाऱ्या चुलत बहिणीचा यात काही दोष नव्हता आणि तेही मी ओरडूनच सांगितलं. ते गेले. पेढ्यांचा पुडाही मी त्यांच्या हातात परत कोंबला. पोरं त्या पुड्याकडे कोपऱ्यापर्यंत बघत राहिली आणि मग माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू सगळ्यांत मोठा गुन्हा मीच केला.

त्याच आठवड्यात नमन अनसिंगहून आला. बरोबर आमच्या समाजातले वडीलधारे कस्तूरचंदजी. नमनच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत पगडी होती. मला ती वरून दिसत होती, लाल.

कस्तूरचंदजी शांत माणूस. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. त्रिशलाबाईंची तिसरी बाजूही ऐकली. मग म्हणाले, “दुखवट्यात आनंदाचं वाजत नाही. पण दुःखाचं असलं, तर मले हरकत दिसत नाही. आपण वैराग्याची पदं म्हणतोच की.”

“मग कोण ठरवणार, दुःखाचं का आनंदाचं?” मी विचारलं.

“ऐकून ठरवू,” ते म्हणाले.

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पावणेदहाला माझ्या ओट्यावर कमिटी बसली. कस्तूरचंदजी खुर्चीवर, त्रिशलाबाई आपल्या ओट्यावर, आणि नमन, जो मुक्कामालाच राहिला होता, पायरीवर. खाली पोरं. माझ्या बायकोच्या संगीतकारांची अशी झडती होत होती आणि मी गप्प बसलो होतो, कारण निदान स्पीकर चालू होता.

बहिरेबुवांचं संथ वाजलं. पास. तंजावरकडच्यांचं वाजलं. देवाचं आहे, पास. जपानच्या माणसाचं ऐकून तिघं एकमेकांकडे बघत राहिले. “काहीच समजून नाही राह्यलं,” कस्तूरचंदजी म्हणाले, “म्हणजे दुःखाचंच असेल.” पास. अडलं ते इंजिनवाल्यावर.

“इंजिन असं वाजत नाही,” नमन म्हणाला. “वाशीमले स्टेशन आहे, मी नेहमी पाहतो.”

“ते राहू दे,” कस्तूरचंदजी म्हणाले. “गाडीत कोणी येऊन राह्यलं का जाऊन राह्यलं? येत असलं तर आनंदाचं. जात असलं तर दुःखाचं.”

सुकेशनी म्हणाली, “जाऊन राह्यलं.”

“तुले कसं समजलं?”

“मह्या मायची ट्रक गेली, तवा असंच बारीक बारीक होत गेलं.”

कस्तूरचंदजींनी चष्मा काढून पुसला. पास.

राहता राहिल्या अमेरिकेच्या बाई. मी त्या मुद्दाम शेवटी ठेवल्या होत्या असं नाही. पहिल्या सोमवारी बटणावरचं बोट काढलं, त्यानंतर मला ते ऐकायची हिंमत होत नव्हती. राजमतीनं जे लावायचं ठरवलं होतं ते तिच्या मोबाइलमध्ये तसंच होतं. मी आधी वाचलं. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांकडून मालकांनी ढोल काढून घेतले, तेव्हा त्यांनी मांड्या बडवून, छाती बडवून, टाळ्या वाजवून ताल धरला, त्यातून एक नाच झाला, आणि बाईंनी तो नाच मोठ्या वाद्यवृंदात आणला. मग बटण दाबलं.

अर्ध्या मिनिटात पोरांचे हात मांड्यांवर पडायला लागले. कुणी शिकवलं नव्हतं. सुकेशनी तर उभीच राहिली. त्रिशलाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. नमनचा पाय पायरीवर ठेका धरत होता, त्याला ते ठाऊक नव्हतं. राजमतीचाही पाय असाच हलायचा. मी नमनच्या पायाकडे बघायचं बंद केलं.

संपलं. सगळे कस्तूरचंदजींकडे बघायला लागले. त्यांच्या आधी नमनच बोलला.

“दुःखाचंच आहे,” तो म्हणाला. डोळे ओले होते. “लई दुःखाचं आहे. पास करा.”

इथं मी गप्प बसलो असतो, तर सगळं निभावलं असतं. पण माझं डोकं फिरलं.

“खोटं बोलू नको, नमन. हे नाचाचं आहे.”

“जीजाजी, मी तुमच्यासाठीच बोलून राह्यलो.”

“माह्यासाठी बोलू नको. तुही बहीण या पोरांशी कधी खोटं बोलली नाही. नाच आहे तर नाच म्हण.”

“नाच असला तर बंद करा लागते,” कस्तूरचंदजी म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. “नाहीतर एकच उपाय आहे. नमन आलाच आहे. दुखवटा काढून टाकू. मग काहीही वाजवा.”

नमननं पिशवीत हात घातला. “काढून टाकू, जीजाजी. दोन मिनिटांचं काम आहे.”

“दोन मिनिटांचं?” मी म्हटलं. माझा आवाज गल्लीच्या टोकाला गेला असणार. “ठेव ती पिशवीत. मले नाही काढायचा दुखवटा. चार महिन्यांत नाही, वर्षानं नाही. तुमाले कोणी सांगितलं, की माह्या डोक्यावर कपडा ठेवला का राजमती जाऊन झाली?”

“मग वाजवणं बंद करा.”

“तेही नाही करणार.”

“दोन्ही कसं होईल, केशरीचंदजी? असं कुठंच नाही.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मी ऐकणार नव्हतो. पोरं दप्तरं घेऊन तशीच बसून होती. शाळेची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मग सुकेशनी म्हणाली, “मंग आमच्या घरी वाजवा ना. आमच्या घरी कोणी मेलं नाई.”

समोरून गोजराबाईचा आवाज आला. ती दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत सगळं ऐकत होती. “बरोबर हाय पोरीचं. यंदा आमच्या घरी बकरी बी नाई मेली. या इकडं.”

कस्तूरचंदजींनी रस्त्याच्या रुंदीकडे बघितलं. “तसं पाहिलं तर,” ते म्हणाले, “दुखवटा घराले असते. रस्त्याच्या पल्याड लागत नाही.”

“अन् माणसाले?” त्रिशलाबाईंनी विचारलं. “माणूस तर तोच ना?”

“माणूस बसून ऐकू शकते. बटण पोरीनं दाबावं.”

एवढंच होतं. शाळा, वाशीम, वायरी, उवा, कारंजा, चंदनाचं रडणं, हे सगळं होऊन गेलं, आणि उत्तर एवढंच होतं, की रस्ता ओलांडा. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला इतका संताप आला, की मी कुणाशी न बोलता स्पीकर उचलला आणि गोजराबाईच्या अंगणात नेऊन ठेवला.

आता रोज तिथं बसतो. मी वाचतो, सुकेशनी बटण दाबते. आईचा फोन आला, की कोणता आठवडा चालू आहे ते तिला सांगते. त्रिशलाबाई येतात, स्वतःची चटई आणतात. कस्तूरचंदजी जमेल तसे येतात आणि अजून सवयीनं पास म्हणतात. मागच्या आठवड्यात देवमन सर येऊन फोटो काढून गेले, वर पाठवायला. फोटोखाली काय लिहिणार ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी ‘अखंड’ म्हटलं असतं आणि मला उठावं लागलं असतं.

दहाला पोरं शाळेत जातात. मी रस्ता ओलांडून घरी येतो, कुलूप काढतो, स्पीकर कपाटात ठेवतो. मग दिवसभर घरात काही वाजत नाही. हा नियम मी कुणीही न सांगता पाळला असता.

वर्ष झालं की पगडी घेऊन येईन, असं नमन जाताना सांगून गेला. येऊ दे. तो माझा मेव्हणा आहे. दार उघडीन, चहा करून देईन. डोकं देणार नाही.